भुवईवाल्याच्या चोवीस कॅसेटी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने व कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणणारी मंडळी आत्ता ऑफिसात गेली आहेत.

१. राहते घर व बँकेतील ठेवी एकुलत्या एका मुलाला मिळाव्यात.

२. यजमान शिंपी होते. त्यांचे शिलाई मशीन व मोठी कात्री सूनबाईला द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये. मी एकदा कापला, तर ते दोन दिवस जेवले नव्हते.

३. माझा लोकरीचा कोट नणंदेला द्यावा. तिने एका रहस्यपटाच्या विसाव्या मिनिटाला "वहिनी, खून डॉक्टरनेच केलाय गं!" असे ओरडून सांगितले होते. कोट उबदार आहे. वरचे तुटलेले बटण मी मुद्दाम लावलेले नाही.

४. आता मुख्य मिळकत. लोखंडी कपाटात चोवीस व्हिडिओ कॅसेटी व त्या चालवायचा व्हीसीआर आहे. सगळे रहस्यपट, सगळ्यांत एकच नट. गोळी झाडण्याआधी त्याची डावी भुवई वर जाते, म्हणून घरात तो भुवईवाला. रविवारी दुपारी यजमान दुकान बंद करून म्हणायचे, "चल, खून बघू." ते गेल्यावर मी व्हीसीआरला हात लावला नाही.

गेल्या वर्षी मी डोळे तपासायला गेले असता चिरंजिवांनी घर आवरण्याच्या भरात सगळे भंगारात दिले. विचारले तर म्हणाला, "आई, हे आता फोनवर दिसतं."

मी म्हटले, "मग मलाही फोनवरच भेटत जा."

सूनबाईने मात्र काही न बोलता चपला घातल्या, मला स्कूटरवर बसवले आणि थेट भंगारवाल्याचे दुकान गाठले.

पत्र्याच्या शेडमध्ये रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून भंगारवाला जुन्या टीव्हीवर आमचाच भुवईवाला बघत होता. उठलाही नाही. "मावशी, दोन मिनिटं थांबा. ही बाई खरंच आंधळी आहे की सोंग करतेय?"

मी सांगितले नाही. शेजारच्या गठ्ठ्यावर बसले. उलगडा झाला तेव्हा त्याने मांडीवर जोरात थाप मारली आणि मला एकदम रडू फुटले. यजमान नेमके तिथेच थाप मारायचे.

त्याने सगळे परत आणून दिले, व्हीसीआरची झिजलेली रबरी चाकेही बदलली. तेव्हापासून दर रविवारी तो येतो. सबब चोवीसही कॅसेटी व व्हीसीआर भंगारवाल्यास द्यावा. त्याच्या नऊ बघायच्या राहिल्या आहेत. त्यांचा शेवट जो फोडेल, त्याचा वाटा रद्द समजावा.

५. रिकामे कपाट मुलाला.

दुरुस्ती: एवढे लिहून होते तोच मुलगा लवकर घरी आला व खांद्यावरून वाचू लागला.

"कपाट? तेही रिकामं?"

"हो."

त्याने कलम ४ पुन्हा वाचले. मग म्हणाला, "रविवारी किती वाजता बसता तुम्ही?"

"तीनला."

"मी आलो तर चालेल?"

"मला काय विचारतोस? वारसाला विचार."

त्याने विचारले. भंगारवाल्याची हरकत नाही. चहा मात्र मुलाने करायचा आहे. कलम ५ कायम.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. डोळ्यांचे डॉक्टर (बाई शुद्धीत आहेत, चष्मा बदलायला हवा). २. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर.

स्थळ: आमची बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार