भुसा ओढायचं यंत्र कुठं बसवावं

बोरी बुद्रुक,
सोमवार

मेव्हणे गेनभाऊ यांस हौशीरामचा रामराम.

भोसरीत तुमची आणि वहिनींची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडेही सगळे जिवंत आहेत. कालचा रविवार पाहता ही मोठी बातमी समजावी.

तुमच्या बहिणीला माझ्या सुतारकामाच्या भुशानं खोकला येतो, म्हणून तुम्ही कंपनीतलं जुनं भुसा ओढायचं यंत्र पाठवलंत. शेडबाहेरच्या भिंतीला लावा, नळी आखूड ठेवा, असंही बजावलंत. पण बाहेर ऊन, पाऊस आणि बघ्यांची गर्दी. म्हणून आधी शेडमध्येच ठेवलं, तर त्या घरघरीत करवत चालू की बंद तेच कळेना. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं, तर फळीवरची भांडी एकेक करून खाली उतरली. गोठ्यात नेलं, तर म्हैस दावं तोडून थेट कुकडी नदीत जाऊन बसली. शेवटी मला बैठकीवरचा माळा सुचला. यंत्र वर, बटण खाली दाराशेजारी, आणि भुशाची कापडी पिशवी बरोबर मधोमध. (वर चढून ती रिकामी करायचं तेवढं राहून गेलं.)

काल हर्षालीला बघायला पेठचे पाहुणे आले. मुलगा सूरज, त्याचे वडील आणि आई सोनीबाई. पोरीच्या मनात हे स्थळ भरलेलं, त्यामुळं तिच्या आईचा, सारजाचा, जीव टांगणीला. पोहे आले. सूरजच्या वडिलांनी सहज विचारलं, "पावणं, शेडमधी काय चालतं?" आता एवढं विचारल्यावर माणूस गप्प बसेल का? मी उठलो आणि यंत्राचं बटण दाबलं.

माळ्यावर हत्ती शिंकल्यासारखा आवाज झाला. पिशवीचं तोंड सुटलं. गेनभाऊ, फळ्यांच्या फटींतून भुसा असा कोसळला की समोरचे पाहुणे दिसेनात! सोनीबाईंचं भरजरी लुगडं गेलं, पोहे गेले, सूरजच्या मिशा गेल्या. मी जागीच दगड झालो. माझं बोट बटणावर होतं, पण ते बंद करायचं असतं हेच सुचेना. सारजा पदर तोंडाला लावून खोकतेय. तेवढ्यात हर्षालीनं मला बाजूला सारून बटण बंद केलं, सोनीबाईंना हाताला धरून ओट्यावर आणलं आणि ओल्या फडक्यानं त्यांचे डोळे पुसले.

मला वाटलं, मोडलं लग्न. सोनीबाईंनी डोळे उघडले आणि नखशिखांत पिवळ्या झालेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"अवं, गिरणीतनं उठून आल्यावानी दिसताय की!" असं म्हणून ती बाई जी हसत सुटली! (त्यांची पिठाची गिरणी आहे, हे मला तेव्हा कळलं.) मग हर्षालीचा हात न सोडता माझ्याकडं वळल्या. "आमी पोरगी बघाया आलो व्हतो. लई चांगली बघितली. आमची पसंती हाय." भुशापेक्षा मोठा धक्का मला हा बसला. सूरज लाजला असावा, पण भुशातून नीट दिसलं नाही. सारजाला मात्र खोकता खोकताच रडू फुटलं.

घरच्या सर्वांना नमस्कार. वहिनींना ही हकीकत बेतानं सांगावी.

तुमचा,
हौशीराम

ता. क. यंत्र आज शेडबाहेरच्या भिंतीला बसवलं. उत्तम ओढतं.

दुसरा ता. क. रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येताहेत. मामा म्हणून तुम्ही हवेतच. एवढंच, की कालच्या घाबरगुंडीत मी त्यांना सांगून बसलोय की यंत्र माळ्यावर तुम्ही स्वतः येऊन बसवलंत. हर्षालीनं माझ्याकडं एकदा बघितलं, पण पोरीनं मला उघडं पाडलं नाही. सूरजच्या वडिलांना तुम्हाला भेटायची फार घाई झालीय. त्यांनी विचारलं तर कृपा करून हो म्हणा, आणि येताना सोनीबाईंसाठी एक लुगडं घेऊन या.