कड्यावरचं शेवटचं घर

स्केलबी,
११ मे १९५६

चि. रूबेनास अनेक आशीर्वाद.

लढाई संपल्यापासून तू एकदाही गावी फिरकला नाहीस. आता तर मेबलही तुझा संसार अर्ध्यावर टाकून देवाघरी गेली. शेफील्डच्या धुरात एकट्याने खोकत बसण्यापेक्षा आठवडाभर बहिणीकडे ये. इथे सगळं ठीक आहे. यंदा खेकडे भरपूर आलेत. आपल्या गल्लीत थोडी शांतता वाढली आहे, इतकंच. जाड स्वेटर आण. शहरात राहून नाजूक झाला असशील.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
डॉर्कस


शेफील्ड,
१९ जून

ती. डॉर्कसताईस सा. न.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला मासा गाडीतच संपवला.

ताई, तू शांतता लिहिलंस, मला वाटलं शेजारी म्हातारे झाले असतील. कडा ढासळून जवळजवळ अख्खी गल्ली समुद्रात गेली, हे लिहायला शाई पुरली नाही का? बाबा होडीतून बोट दाखवायचे, की इथे पाण्याखाली जुनं चर्च आहे, पलीकडे बाजार भरायचा. तेव्हा ते सगळं फार जुन्या काळातलं वाटायचं. परवा सहलीला आलेल्या एका बाईंना मी तसंच बोट दाखवून सांगितलं, की तिथे माझी शाळा होती. त्यांनी मान डोलावली आणि आइस्क्रीम खात पुढे गेल्या. खेकडेवाल्यानेही मला विचारलं, की पाहुणे कुठले.

तुझ्या परसाची भिंत कोसळली आहे. हिवाळ्याआधी घर सोडा असं सांगायला आलेल्या नगरपालिकेच्या माणसाला तू चहा पाजून वाटेला लावलंस. जिवाला धोका आहे. माझ्याकडे राहायला ये.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा,
रूबेन


स्केलबी,
२ जुलै

चि. रूबेनास आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नगरपालिकेचं पत्र यांत फरक एवढाच, की त्यांचं टंकलेलं होतं.

मार्चमध्ये समोरच्या मिसेस थ्रॉसेल कुत्र्याला घेऊन मुलीकडे गेल्या. तेव्हापासून गल्लीत मी एकटीच. तुला कळवलं नाही, कारण तू कीव करून आला असतास. आलास, तोही आठवडा म्हणून, आणि चौथ्या दिवशी बॅग भरलीस.

जिवासाठी मी हलणार नाही. मी कुणाला हवी आहे म्हणून कुणी बोलावलं, तर बघेन.

प्रकृतीला जप.

डॉर्कस


शेफील्ड,
५ जुलै

ती. ताईस सा. न.

रविवारी मी कुणाशीच बोलत नाही. सोमवारी दुकानात पाव मागताना आवाज फुटत नाही. तुझ्याकडून लवकर निघालो, कारण आणखी राहिलो असतो तर या घरात परत पाऊल टाकवलं नसतं. तुझ्या धोक्याचं मी निमित्त केलं. मला एकट्याला राहवत नाही. ये.

रूबेन


स्केलबी,
९ जुलै

चि. रूबेनास आशीर्वाद.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर ये.

दार नुसतं ओढून घेणार आहे. कुलूप लावून राखायचं काय? आज पोस्टमनला सांगितलं, की भावाकडे चालले आहे, कायमची. वाटलं होतं, दोन शब्द बोलेल. तो म्हणाला, बरं झालं, आता एवढी चढण सायकल ढकलत यायला नको.

बाकी भेटीत.

तुझी ताई