पेटीपुढचा तिळगूळ

भवानी पेठ, सोलापूर
१९ जानेवारी १९३४

प्रिय मथुरे,

यंदा सण शनिवार, रविवार, सोमवार असा लागून आला. गिरणी बंद, हे घरात, आणि चूल काही विझेना. तू गेल्यापासून इथे काय काय बदललं ते लिहीत बसले तर दौत पुरायची नाही. एक मात्र बदललं नाही. गाणं शिकायला तू मुंबईची गाडी धरलीस, त्या दिवसापासून तुझ्या आईने तुझं नाव घेतलेलं नाही. आपली भिंत एक, मी रोज त्यांना ताक घेऊन जाते, साऱ्या पेठेच्या उखाळ्यापाखाळ्या होतात. पण तुझा विषय निघाला की सोनाकाकू तांब्या रिकामा करून माझ्या हातात देतात.

भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाला गेलो होतो. दरवर्षी बघते, तरी ते सात उंच नंदीध्वज आले की माझं तोंड उघडंच राहतं. एवढं ओझं एकटा माणूस कमरेला तोलून चालतो, आणि एवढी गर्दी अक्षता हातात धरून श्वास रोखते. मग सगळे हात एकदम वर जातात. मला तर रडूच येतं. सासूबाई म्हणतात, सुनेला लग्न देवाचं असो की शेजाऱ्याचं, रडायला निमित्त पुरतं.

खरी नवलाई संक्रांतीच्या संध्याकाळी घडली. ईरप्पाशेटांनी रेडिओ आणलाय. माडीवर बांबूला तार बांधली आणि अंगणात पेटी मांडून सगळ्या आळीला बोलावलं. आधी नुसती खरखर. मग एक पुरुष बोलायला लागला, तसा आमच्या सासूबाईंनी झटकन डोक्यावरून पदर घेतला. परका बाप्या घरात आला म्हटल्यावर दुसरं काय करणार त्या? मी हसले, पण खरं सांगते, मीसुद्धा सावरून बसले होते. तेवढ्यात तो म्हणाला, आता मथुराबाई सोलापूरकर गातील.

मथुरे, तू आपल्या गावाचं नाव लावलंस. राग कोणता होता ते मला विचारू नकोस, मला सगळे सारखेच. पण वरच्या सुराला जाण्याआधी तू थोडी थांबलीस, तशीच थांबलीस जशी नदीवर धुणं धुताना थांबायचीस. मी वळून पाहिलं. काकू मागे दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्या उठल्या, ओच्यातली तिळगुळाची वडी काढून पेटीपुढे ठेवली आणि कोणाकडे न बघता निघून गेल्या. ती वडी उचलायची नाही असं सासूबाईंनी पोरांना बजावलं. सकाळी शेटजींच्या पेटीभोवती मुंग्यांची रांग होती.

मला वाटलं, आता बोलतील. सोमवारी काही नाही, मंगळवारी ताकाचा तांब्या नेहमीसारखा परत. मग काल ह्यांनी सात रस्त्याच्या चौकातून वर्तमानपत्र आणलं आणि मोठ्याने वाचलं. आम्ही सोमवारी दुपारी जेवून हात धुतले असतील, तेव्हा तिकडे बिहारात धरणी हलली. गावंच्या गावं पडली, शेतातून पाणी आणि वाळू उसळली. ऐकता ऐकता मी जमिनीला हात लावून पाहिला. आपण हिच्यावर किती बिनघोर झोपतो.

सोनाकाकू उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, बिहार म्हंजे मुंबईच्या कडंलाच की? हे म्हणाले, न्हाय काकू, लई लांब, रेल्वेनं दोन दिस लागत्यात. त्यांनी मान हलवली, घरी गेल्या, आणि पुन्हा आल्या. आल्या त्या थेट माझ्यापाशी चुलीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, मग मथुरा बरी आसंल न्हवं? लिवून इचार की.

मी कागद घेतला तेव्हापासून त्या समोरच बसल्या आहेत. काय लिहिलंस ते वाचून दाखव म्हणत नाहीत, फक्त पत्रात माझं नाव घातलंस का, एवढंच सारखं विचारतात. उत्तर त्यांच्या नावाने पाठव.

तुझीच,
सुंदरा