मध्यंतरातील बँड वगळण्याच्या आदेशाबद्दल

दिनांक : ६ ऑक्टोबर

प्रति,
मा. डॉ. डेमेट्रियस हॉलिफील्ड,
शिक्षणाधिकारी, टॅलोवा काउंटी,
अलाबामा.

विषय : बारावीचा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांवरील पाठ आणि त्यांपैकीच बेथसायडा महाविद्यालयाची शनिवारची सहल पूर्ववत करण्याबाबत.

संदर्भ : आपले सोमवारचे परिपत्रक, आपल्याच सहीचे.

महोदय,

मी, खाली सही करणारी श्रीमती विलोडीन मॅबरी, काउंटीच्या हायस्कुलात इतिहास शिकवते. आपणांस हे ठाऊकच आहे, कारण आपण तो माझ्याकडेच शिकलात. तरी अर्जाची रीत म्हणून नमूद केले.

१. परिपत्रकात म्हटले आहे की पाठ शिकवण्यास हरकत नाही, मात्र ही महाविद्यालये का काढावी लागली ते सांगू नये. काही पालकांच्या मनाला लागते. मग सांगावे तरी काय? राज्याचे मोठे विद्यापीठ तासाभरावर उभे असताना आपल्या पणजोबांनी सहज लहर आली म्हणून विटा भाजल्या आणि वेगळे महाविद्यालय बांधले? मंगळवारी मी आपल्या आज्ञेबरहुकूम शिकवले. रोशेल नावाची मुलगी म्हणाली, "का बाई, तिकडं पार्किंग मिळत नव्हतं का?" सगळा वर्ग हसला. ती चुकते आहे, तिथे कृष्णवर्णीयांना दारच बंद होते, असे सांगण्याचीही मला परवानगी नव्हती.

२. सहल रद्द करून त्याऐवजी बेथसायडाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील फुटबॉल सामन्याचे चित्रीकरण वर्गात दाखवावे, "मात्र मध्यंतरातील बँड वगळावा, कारण तो निव्वळ मनोरंजनाचा भाग आहे," असा आपला आदेश आहे. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचले. टब्ज सरांना कॉफीचा ठसका लागला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे कुणीतरी परक्यानं लिहिलंय गं. आपल्यातल्याला असलं सुचायचं नाही." मलाही तसेच वाटले. आपली माणसे तळलेले मासे खायला जातात ती सामना चालू असताना, आणि मध्यंतर झाले की हातातला घास टाकून जागेवर पळत येतात. कोण जिंकले ते रविवारी चर्चच्या पायरीवर विचारले तरी चालते. बँडवाचून तो सामना बघणे म्हणजे लग्नाला जाऊन नुसत्या चपला राखणे. मग मी पान उलटले आणि खाली सही पाहिली.

महोदय, त्याच मध्यंतरात बेथसायडाच्या बँडचे म्होरके म्हणून पुढे उभे राहून, टोपीचा तुरा मागे जमिनीला टेकेपर्यंत वाकणारे आपण! आपली आई खुर्चीवर चढली होती आणि ती पडू नये म्हणून मी तिचा पट्टा धरून ओरडत होते. शाळेच्या मार्गदर्शकांनी "गॅरेजात काम शीक, कॉलेजचं तुला काय करायचंय" म्हणून वाटेला लावलेला मुलगा होतास तू. बँडच्या निवड-चाचणीला तुला कोणी नेलं रे? माझ्या गाडीत भीतीने ओकलास, ते कोणी पुसलं? डेमेट्रियस, अरे तू? दुसऱ्या कोणीही हे लिहिलं असतं तर मी भांडले असते आणि घरी जाऊन जेवले असते.

एकेरीबद्दल क्षमा असावी.

३. देखभाल विभागाची माणसे शिडी घेऊन आली आणि माझ्या वर्गातील महाविद्यालयांची चित्रे काढून घेऊन गेली. दर शुक्रवारी बेथसायडाचा स्वेटर घालण्यासही शिक्षकांना मनाई झाली. याबाबत भेटावे म्हणून मी बुधवारी आपल्या कार्यालयात आले. साहेब कामात आहेत, असे सांगून मला बाहेर बसवले. दार अर्धवट उघडे होते. खुर्चीमागे आपली बेथसायडाची पदवी असायची, तिथे आता बदकांचे चित्र आहे. बदके, महोदय! आपल्याला बदके आवडतात हे मला आजवर ठाऊक नव्हते.

४. आता मुख्य मुद्दा. जनेसा पेटवे ही माझी विद्यार्थिनी सूझाफोन वाजवते. ते पितळी वाद्य तिच्याहून जड आहे, पण पोरगी ते घेऊन धावते. बेथसायडाच्या बँडमध्ये जागा मिळाली तर शिष्यवृत्ती आहे, आणि चाचणी याच शनिवारी आहे. पुन्हा होणार नाही. तिची आई शनिवारी कोंबडीच्या कारखान्यात कामावर असते. बस गेली नाही तर जूनमध्ये जनेसाही त्याच कारखान्यात उभी राहील. मी माझ्या गाडीने नेले असते, पण परिपत्रकाचे शेवटचे कलम म्हणते की खाजगी वाहनातून विद्यार्थी नेणाऱ्या शिक्षकास निलंबित केले जाईल. माझी गाडी आठवूनच आपण हे कलम घातलेत का? नसेल, असे स्वतःला समजावते आहे.

दर वर्षी या पाठाला मुले विचारतात, "बाई, आपल्यातलं कुणी गेलंय का तिथं?" दर वर्षी मी आपले नाव सांगते. काल जनेसाने विचारले, "हॉलिफील्ड साहेब तिथलेच ना? मग आम्हालाच का नाही जाऊ देत?" आयुष्यभर मी मुलांसमोर बोलत आले, पण काल मी वळून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

तरी शनिवारची बस मंजूर व्हावी, ही विनंती. मंजूर न झाल्यास त्या दिवशी सकाळी मी माझी गाडी काढणार आहे. वाद्य मागच्या सीटवर मावते, पाहून ठेवले आहे. बाकीची मुले राहतील, त्यांची उत्तरे आपण द्यावीत. बेथसायडापर्यंतचा रस्ता लांबचा आहे आणि पोरगी वाटेत तेच पुन्हा विचारणार. तेव्हा तिला आपल्याविषयी काय सांगू, एवढे शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. जसे असेल तसे वाचून दाखवीन.

आपली एके काळची बाई,
विलोडीन मॅबरी

सोबत : निलंबनाच्या पत्रासाठी माझा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा.