बिनतंट्याचा फड

तीर्थरूप कोकिळाअक्का,

झुलालचा दोन्ही हात जोडून नमस्कार. भाऊजींच्या गुडघ्यांना आराम पडला का? दीपनगरच्या कॉलनीत नळाला दोन वेळा पाणी येतं, हे इथे कोणालाच खरं वाटत नाही (मी शपथ घेतली, तरी). आमचं विचारशील तर बरं म्हणायचं.

तुझा भाऊ मात्र आदर्श ठरला. पुण्याहून हेमलता मॅडम आल्या होत्या, पाणीवाटपातला लोकसहभाग असा काहीसा अभ्यास करायला. पांझरेवरचा फड, म्हणजे एका पाटावर सगळ्यांची शेतं आणि पाळीपाळीने पाणी, हे त्यांना पुस्तकातून पाठ होतं. पाळीचं पाणी सोडणारा जिवंत पाटकरी पाहिला नव्हता. मला पाहून फार हरखल्या (मला पाहून हरखणारी माणसं आता मोजकीच). गेल्या तीन वर्षांत पाण्यावरून तंटा? नाही. पाळी मोडून कोणी पाणी घेतलं? एकानेही नाही. फावडं उगारलं? छे! मॅडमचं पेन थांबेना. आता पाटात पाणीच नाही तर चोरतील काय, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? जो तो आपापल्या बोअरवर. पाटात लताबाईची शेळी बांधलेली असते.

मग मॅडमनी सभा लावली. भजी होती, म्हणून बठ्ठं गाव आलं. ठराव झाला : फडात नवा बोअर नको, आहेत ते कमी चालवायचे, आणि जुन्या नियमाने शेवटच्या शेताला, म्हणजे लोटनआबांना, पाणी आधी. सगळ्यांचे हात वर. कौतिकने तर दोन्ही केले. मॅडमचे डोळे भरून आले (यंदा फडात दिसलं ते पाणी तेवढंच). तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "लाईट आली!" अगं, भजी टाकून पळाली माणसं मोटारी चालू करायला! मागे मी, मॅडम आणि आबा. आबांना आता दिसत नाही. ते हात वर धरूनच बसलेले. म्हणाले, "झुलाल, बठ्ठा ग्यात का रे?" गेले सगळे, म्हटलं, आणि त्यांचा हात धरून खाली घेतला, अक्का. फार वाईट वाटलं.

बाबा अंथरुणावर होते त्या साली याच माणसाने स्वतःची पाळी सोडून आपला कांदा भिजवला. त्या कांद्यावर तुझं लग्न लागलं. आबांनी बोअर मारला नाही. विहिरीत दोन हात पाणी उरलंय, त्यावर थोडा भुईमूग आणि दोन म्हातारे जीव. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
झुलाल

ता. क. मॅडमच्या फॉर्मवर फडातले बोअर मी अकरा लिहिले.

ता. क. २. बारा आहेत. बारावा तुझ्या वाटणीच्या शेतात. मीच मारला, सभेच्या आधीच्या आठवड्यात, तुला न विचारता. पाणी चांगलं लागलं, तुझ्या भावजयीने, शेवंताने नारळ फोडला. आबांची विहीर तिथून पन्नास पावलांवर आहे. सभेत हात मीही वर केला होता.

ता. क. ३. सोबत वीजजोडणीचा अर्ज आहे. सातबारा तुझ्या नावावर, म्हणून सही तुझीच लागते. कांदा वाळतोय, शेवंता रोज विचारते, अक्कांची सही आली का. अक्का, सही करू नको. मोटार बसली की मी ती चालू करणार, मला माहीत आहे. तू चिडून लिही, चार शिव्या घाल, भावाचं तोंड पाहणार नाही म्हण. फक्त अक्षर जरा मोठं काढ, शेवंताला वाचता आलं पाहिजे.