हिलाल माझा भाऊ झाला त्याची हकीकत

नरडाणा,
आखाजीनंतरचा सोमवार

चि. गिरधर यास वच्छलाअक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? सविताची शुगर? चोपड्याला तुझी केळी यंदा बरी निघाली असं ऐकलं (दुसऱ्यांकडूनच ऐकावं लागतं, तू फोन कुठे उचलतोस!). म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान उघडून तरी बघतो.

तर बाबा, तू मला आखाजीला माहेरी न्यायला आला होतास. मला नव्हतं माहीत, मोबाइलवरच्या बातमीत कळलं. झालं असं, की आखाजीच्या आदल्या दिवशी मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. वाटेत हिलाल भेटला. तो आमच्या गल्लीत गॅसच्या टाक्या पोचवतो, मोठा भला माणूस. म्हणाला, अक्का, ऊन केवढं आहे, बसा गाडीवर. बसले. मांडीवर पिशवी, डोळ्यांत गिरणीचं पीठ गेलेलं, म्हणून डोळ्यांना पाणी. तेवढ्यात फाट्यावर कोणा बातमीवाल्यानं मोबाइल रोखला, आणि संध्याकाळी अख्ख्या तालुक्यात मी रडतेय! खाली लिहिलंय, 'वीस वर्षांनी भाऊ अक्षय्य तृतीयेला न्यायला आला, बहिणीला अश्रू अनावर.' मागे सनई. अरे, माझ्या समीक्षाच्या लग्नात व्याह्यांनी मामाचा मानाचा फेटा भलत्यालाच बांधला आणि तू जेवणावरून उठून गेलास, त्याला सहाच वर्षं झाली. रुसायला आपण कमी पडलो म्हणून त्यानं पदरची चौदा घातली!

मी त्या बातमीवाल्याचा नंबर मिळवून त्याला चांगलं झाडलं. म्हटलं, मेल्या, भाकरीसुद्धा माणूस उलटून बघतो, तू एवढी बातमी न उलटता वाढलीस? तर म्हणे, अक्का, लाखभर लोकांना बघून बरं वाटलं, कशाला मोडता घालता? त्या लाखात मीही होते. चारदा बघितली. पाठमोरा हिलाल अगदी तुझ्यासारखा दिसतो रे, मान जरा डावीकडे टाकून.

पुढची गंमत ऐक. समीक्षा सासरहून फोनवर भांडली, मामा आले आणि मला कळवलं नाही! शेजारच्या द्रौपदाबाई बघायला आल्या, 'तुना भाऊ कोठे शे?' म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, जेवून झोपलाय. आता झोपलेल्याला उठवायचं कसं? दार लोटून घेतलं, खोट्याला खरं दिसावं म्हणून आमरसाची वाटी आत नेऊन ठेवली, आणि मग मीच खाल्ली. चव लागली नाही. खरा गोंधळ हिलालकडे झाला. त्याची सख्खी बहीण पिंपळनेरला. तिनं बातमी पाहिली, भावाची पाठ ओळखली आणि आकाशपाताळ एक केलं, की मला न्यायला तुला सवड नाही आणि परकीला गाडीवरून मिरवतोस! बिचारा आखाजीच्या पहाटेच गाडी काढून पिंपळनेरला गेला, तिला घेऊन आला. दुपारी ती आमच्या गल्लीतल्या झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत होती. मी खिडकी लावून घेतली. माझ्या भावाच्या बातमीनं दुसरीला माहेर मिळालं, याचा आनंद मानावा एवढी काही मी थोर नाही.

असो. मी मजेत आहे, कसली कमी नाही. गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जा.

तुझी,
वच्छलाअक्का

ता. क. वर गिरणीचं लिहिलंय ते खरं नाही. पिशवीत पीठ नव्हतं, माझी दोन लुगडी होती. दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी ती भरून मी फाट्यावर चोपड्याची गाडी बघायला जाते. यंदा शेवटची गाडीही गेली, तेव्हा हिलाल म्हणाला, चला अक्का, घरी सोडतो. तो फोटो मला न्यायला आलेल्याचा नाही, परत आणणाऱ्याचा आहे.

ता. क. दुसरा. गल्लीतले लोक रोज विचारतात, भाऊ परत कधी येणार? तू नुसता ये. आखाजी गेली तरी चालेल, पिशवी अजून सोडलेली नाही. पहिल्यांदाच आलास हे मी कोणाला सांगणार नाही.