दादाचं नाव पुसलं

ती. आईस,

पाया पडतो. मी बरा आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? बाबा पुन्हा फिरायला जाऊ लागले का?

आज ऑफिसात माझं डोकं फिरलं. बसची वेळापत्रकं लावणारा आमचा नवा प्रोग्राम दादाच्याच प्रोग्रामवर उभा आहे. तो प्रोग्राम शेकडो वेळापत्रकं तयार करतो, वाईट टाकून देतो आणि चांगल्यांची सरमिसळ करून त्यांतून आणखी चांगली वेळापत्रकं काढतो. दादाने तो सगळ्या जगाला मोकळा दिला होता. अट एकच, फाइलच्या डोक्यावरचं त्याचं नाव काढायचं नाही.

आज फाइल उघडली, तर तिथे कंपनीचं नाव!

साहेबांना विचारलं, तर हसले. "अरे, फुकटात मिळालं ते. कुठल्या कोणाचं नाव कशाला मिरवायचं? तो काय विचारायला येणार आहे?"

"नाही येणार. चार महिन्यांपूर्वी गेला. मी त्याचा सख्खा भाऊ."

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग आधी बोलायचं नाही का?" म्हणजे मी भाऊ नसतो तर चाललं असतं! आई, एवढी एकच अट, तीही या लोकांना जड झाली.

सोमवारपर्यंत नाव परत लागलं नाही, तर राजीनामा देऊन घरी येईन. दारात मला पाहून घाबरू नकोस. आपल्या घरात भांडायचं काम दादाचं होतं, मी गप्प बसायचो. आता ते मलाच करावं लागणार.

तुझा,
धाकटा